कार्ल रायनर आणि 'द डिक व्हॅन डाइक शो': उत्तम भागांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कौटुंबिक सिटकॉमच्या लेखनावर बोलताना कार्ल रायनर आणि त्यांची 'द डिक व्हॅन डाइक शो' ही मालिका यांचं नाव घेतलं की ठरावीक प्रश्न येतातच. कुठला भाग आधी बघू, कुठला खरंच त्यांनी लिहिला, एवढं जुनं काळं-पांढरं आज बघवेल का. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात आहे, गुंत्याचे पुढे आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कार्ल रायनर म्हणजे नेमके कोण?

लेखक, नट आणि दिग्दर्शक. जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, २० मार्च १९२२ रोजी. २९ जून २०२० रोजी ते गेले, तेव्हा वय ९८ होतं. १९५० च्या दशकात सिड सीझर यांच्या 'युअर शो ऑफ शोज' या गाजलेल्या कार्यक्रमात ते पडद्यावर काम करायचे आणि लेखकांच्या खोलीतही बसायचे. पुढे नावाजलेले विनोदी लेखक मेल ब्रूक्स त्याच खोलीतले. एकमेकांवर ओरडत, एकमेकांचे विनोद पाडत लिहिणारी ती माणसं, आणि संध्याकाळी गाडी घेऊन उपनगरातल्या घरी, बायकोमुलांकडे परतणारे स्वतः रायनर. मालिकेचं बीज या दोन जागांमध्ये आहे.

२. मालिका कशावर आहे? पात्रं कोण कोण?

रॉब पेट्री (डिक व्हॅन डाइक) हा टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमाचा मुख्य लेखक. ऑफिसात त्याच्यासोबत बडी सोरेल (मोरी अ‍ॅम्स्टरडॅम) आणि सॅली रॉजर्स (रोज मेरी) हे दोन लेखक. डोक्यावर निर्माता मेल कूली (रिचर्ड डीकन), आणि त्याच्याही वर कार्यक्रमाचा तापट नायक अ‍ॅलन ब्रेडी. घरी बायको लॉरा (मेरी टायलर मूर) आणि मुलगा रिची (लॅरी मॅथ्यूज). शेजारी मिली आणि जेरी हेल्पर. जेरीचं काम करणारे जेरी पॅरिस पुढे याच मालिकेचे प्रमुख दिग्दर्शक झाले.

सीबीएस वाहिनीवर ३ ऑक्टोबर १९६१ ते १ जून १९६६ या काळात पाच सीझनमध्ये १५८ भाग दाखवले गेले. पेट्री कुटुंब न्यू रोशेलमध्ये १४८ बॉनी मेडो रोडवर राहतं. रायनर स्वतः त्याच रस्त्यावर ४८ नंबरच्या घरात राहायचे. रॉब आणि लॉरा भेटतात ती लष्करी छावणी कॅम्प क्राउडर. तिथेही रायनर सैन्यात असताना होते. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत आणि दुसरं कोणी नाही, त्या जमिनीबद्दल लिहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. इतर लेखक आले की त्यांनाही ते आधी विचारत, तुमच्या घरी काय घडलं? माझ्या मते मालिकेतले उत्तम भाग या एका प्रश्नातून आले आहेत. खालच्या सगळ्या शिफारशींमागे हीच कसोटी आहे.

३. एकच भाग बघणार आहे. कुठला बघू?

'व्हेअर डिड आय कम फ्रॉम?', पहिला सीझन, ३ जानेवारी १९६२. लेखन रायनर यांचं.

रिची विचारतो, मी कुठून आलो? बाप टाळाटाळ करतो. मग कळतं की मुलाला शरीरशास्त्र नको आहे, आपल्या जन्माच्या दिवशी काय काय झालं ते ऐकायचं आहे. तिथून गोष्ट मागे जाते. लॉराचे दिवस भरलेत आणि रॉबची झोप उडाली आहे. ऐनवेळी कपडे घालण्यात मिनिट जायला नको म्हणून तो सूट-बूट चढवून तयारीतच अंथरुणावर पडतो. लॉरा मात्र शांत. घरातली, ऑफिसातली सगळी माणसं धांदलीत आणि जिच्या पोटात मूल आहे तीच सगळ्यांना धीर देते आहे. शेवटी ती दवाखान्यात पोचते ती लाँड्रीवाल्याच्या गाडीतून.

डिक व्हॅन डाइक यांचं शरीर इथे बघा. झोपेतून उठून उभं राहणं एवढीच क्रिया आहे, पण हात एका दिशेला, पाय दुसऱ्या दिशेला आणि डोळे अजून बंद. ते हसवायला म्हणून काही करताहेत असं क्षणभरही वाटत नाही. माणूस खरोखर घाबरला आहे. रायनर यांच्या स्क्रिप्टमध्ये वेगळा विनोद फार थोडा आहे. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी घरातल्या पुरुषाची जी गत होते ती त्यांनी क्रमाने मांडली आहे. कुठल्याही देशातल्या, कुठल्याही पिढीतल्या घरात ती ओळखीची वाटेल.

४. पहिल्या भागापासून क्रमानेच बघायला हवं का?

नाही. प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. पहिला भाग 'द सिक बॉय अँड द सिटर' चांगला आहे, पण पात्रं अजून जमत होती. त्यातली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. रिची आजारी पडणार अशी लॉराची खात्री पटते, कारण त्याने कपकेक नको म्हटलं. ताप नाही, खोकला नाही, फक्त कपकेक नाकारला. आईला तेवढं पुरतं, आणि साहेबाच्या घरच्या पार्टीतही तिचं मन घरीच राहतं.

क्रम हवाच असेल तर प्रसारणाचा न घेता पेट्री कुटुंबाच्या आयुष्याचा घ्या. मालिकेत जुन्या आठवणींचे भाग विखुरलेले आहेत. ते ओळीने लावले की एक संसार उभा राहतो. आधी 'ओह हाउ वी मेट ऑन द नाइट दॅट वी डान्स्ड': सैन्यातला सार्जंट रॉब नाचताना लॉराचा पाय दुखावतो आणि ती त्याचं तोंड बघायलाही तयार नसते. मग 'द अटेम्प्टेड मॅरेज': स्वतःच्याच लग्नाला पोचताना नवऱ्याचे हाल. मग 'व्हेअर डिड आय कम फ्रॉम?'. मग नाव ठेवण्याचा घोळ (प्रश्न ५). आणि शेवटी बाळ बदललं गेल्याचा संशय (प्रश्न ८). शेवटचा सोडून बाकी सगळे रायनर यांनी लिहिलेले.

५. रायनर यांच्या लेखणीचे इतर सर्वोत्तम भाग कुठले?

पहिला मान 'व्हॉट्स इन अ मिडल नेम?' या भागाला (७ नोव्हेंबर १९६२). रिचीला आपल्या जन्मदाखल्यावर मधलं नाव 'रोझबड' दिसतं आणि तो हबकतो. मुलग्याला गुलाबाची कळी? बाप मग खुलासा करतो. बाळाचं नाव काय ठेवायचं यावर दोन्हीकडचे नातेवाईक हट्टाला पेटले होते. प्रत्येकाचं एक नाव, प्रत्येकाला वाटतं आपलंच लागणार. कुणालाच दुखवायचं नाही म्हणून रॉबने सगळी नावं घेतली: रॉबर्ट, ऑस्कर, सॅम, एडवर्ड, बेंजामिन, युलिसिस, डेव्हिड. इंग्रजीत यांची आद्याक्षरं ओळीने वाचली की 'रोझबड' होतं. बारशाच्या आधी आत्या, मामा, आजोबा यांच्यातली रस्सीखेच ज्या घराने पाहिली आहे त्याला यातला एकही प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. रचनेच्या दृष्टीनेही हा भाग अजोड आहे. उत्तर पहिल्या मिनिटापासून समोर असतं आणि तरी शेवटी ते उलगडतं तेव्हा आनंद होतो.

दुसरा 'नेव्हर नेम अ डक', दुसऱ्या सीझनचा पहिला भाग. रॉब कार्यक्रमात वापरलेली बदकाची दोन पिल्लं घरी आणतो, लॉरा धोक्याची सूचना देते, आणि रिची त्यांची नावं ठेवतो. नाव ठेवलं की जीव अडकतो. त्यातलं एक दगावतं. दुसऱ्याला सोडून द्यायला हवं हे मुलाला कसं सांगायचं? बाप मुलाच्या उंचीवर येऊन बोलतो, उपदेशाचा सूर न लावता. हसवणाऱ्या मालिकेत असा प्रसंग ठेवायला धैर्य लागतं.

तिसरा 'माय ब्लॉंड-हेअर्ड ब्रुनेट', त्यावर प्रश्न ६. बाथटबचा भाग प्रश्न ७ मध्ये.

यांच्या खालोखाल, पहिल्या सीझनमधली झोपेत चालणाऱ्या भावाची दोन भागांची गोष्ट. तो भाऊ झाला आहे डिक यांचा सख्खा भाऊ जेरी व्हॅन डाइक.

६. केस रंगवण्याच्या भागाचं इतकं कौतुक का? गोष्ट तर अगदी किरकोळ आहे.

गोष्ट किरकोळ आहे हे खरं. नवऱ्याचं आपल्याकडे लक्ष उरलं नाही असं लॉराला वाटतं, मिली सल्ला देते, लॉरा केस सोनेरी करते. तेवढ्यात फोनवर रॉब बोलता बोलता तिच्या काळ्याभोर केसांचंच गुणगान करतो. आता ते पुन्हा काळे करायचे आणि तो घरी यायला निघालेला. दार उघडतं तेव्हा डोकं अर्धं सोनेरी, अर्धं काळं.

त्यानंतर लॉरा रडत रडत सगळा खुलासा करते. तो पुन्हा पुन्हा बघावा. लांबलचक संवाद, मध्ये हुंदके, आवाज चढतो, फाटतो, एखादा शब्द पूर्णच होत नाही, पण अर्थ कुठेही सुटत नाही. मेरी टायलर मूर तेव्हा २४ वर्षांच्या होत्या आणि विनोदाचा अनुभव नसल्यात जमा. 'लॉरा म्हणजे नायकाची देखणी बायको' एवढाच मूळ बेत होता. ही ताकद दिसल्यावर बेत बदलला. हा भाग बराच पुढे चित्रित झाला होता, तो उचलून १० ऑक्टोबर १९६१ ला दुसऱ्याच क्रमांकावर दाखवला गेला. इथून पुढे रायनर तिला रॉबच्या तोडीचे प्रसंग लिहू लागले. नटीत काय आहे हे ओळखून लेखकाने आपली मालिका बदलावी, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

७. 'नेव्हर बेद ऑन सॅटरडे'मध्ये लॉरा जवळजवळ दिसतच नाही. मग तो चांगला कसा?

दिसत नाही म्हणूनच. ३१ मार्च १९६५ चा हा भाग रायनर यांचाच. नवरा-बायको मुलाला ठेवून दोन दिवस हॉटेलात निवांत घालवायला येतात. लॉरा बाथटबमध्ये बसून नळाच्या थेंबाशी पायाच्या अंगठ्याने खेळते आणि अंगठा नळात अडकतो. बाथरूमचं दार आतून बंद. अंगावर कपडे नाहीत. बाहेर रॉबने सहज गंमत म्हणून पेन्सिलीने मिशी काढली आहे, ती पुसली जात नाही. अशा अवताराच्या माणसावर हॉटेलचे लोक विश्वास कसा ठेवणार?

बंद दाराआडून फक्त आवाज येतो. त्या आवाजात लाज आहे, राग आहे, रडू आहे आणि नवऱ्याची कीवही आहे. स्क्रिप्ट वाचून मूर नाराज झाल्या होत्या, कारण पडद्यावर त्यांना जागाच नव्हती. नाराजी समजण्यासारखी आहे. पण न दाखवल्यामुळे प्रत्येक प्रेक्षक ते बाथरूम आपल्या मनात उभं करतो, आणि १९६५ च्या टीव्हीवर जे दाखवता आलंच नसतं ते एकाही आक्षेपार्ह शब्दाशिवाय समजतं. लेखक म्हणून रायनर यांची सर्वांत हुशार पटकथा मी हीच मानते.

८. सगळ्या याद्यांमध्ये 'दॅट्स माय बॉय??' वर असतो. तो रायनर यांनी लिहिला ना?

नाही. तो बिल पर्स्की आणि सॅम डेनॉफ यांचा. तिसऱ्या सीझनपासून या जोडीने बराच भार उचलला. मात्र लेखनाची अंतिम जबाबदारी रायनर यांची असायची आणि इतरांच्या पटकथांवरून त्यांचा हात फिरायचा. म्हणून हे भाग त्यांच्या खात्यात नाही, पण त्यांच्या घराण्यात नक्की येतात.

(शेवट माहीत करून घ्यायचा नसेल तर प्रश्न ९ कडे जा.) दवाखान्यात पेट्री आणि पीटर्स या दोन कुटुंबांचे फुलांचे गुच्छ, जेवण सगळं एकमेकांकडे जात असतं. रॉबच्या डोक्यात घुसतं की बाळंही बदलली. घरी आणलेलं मूल आपलं नाहीच. तो पीटर्सना फोन करून बोलावतो. दार उघडतो, आणि समोर कृष्णवर्णीय जोडपं. प्रेक्षकांचा हशा इतका लांबला की संकलनात तो कापावा लागला. आधी सांगितलं का नाही, असं रॉब विचारतो तेव्हा मिस्टर पीटर्स (ग्रेग मॉरिस) शांतपणे म्हणतात की तुमच्या चेहऱ्यावरचा भाव मग बघायला कसा मिळाला असता.

तारीख लक्षात घ्या: २५ सप्टेंबर १९६३. वॉशिंग्टनचा नागरी हक्कांचा मोर्चा २८ ऑगस्टला, म्हणजे महिनाभरही झाला नव्हता. वरून विरोध झाला. निर्माते शेल्डन लेनर्ड यांनी हमी दिली की प्रेक्षकांना खटकलं तर शेवट नव्याने चित्रित करू. तशी वेळ आली नाही. इथे फजिती गोऱ्या नायकाची होते. दारात आलेला माणूस त्याच्यापेक्षा शहाणा आणि खेळकर आहे. त्या काळच्या टीव्हीवर हे विरळा होतं.

९. अ‍ॅलन ब्रेडीच्या केसांच्या टोपाचा भाग कुठला?

'कोस्ट टू कोस्ट बिग माउथ', १५ सप्टेंबर १९६५, पर्स्की आणि डेनॉफ. टीव्हीवरच्या एका खेळात सूत्रसंचालक लॉराला गोड बोलून फसवतो आणि अ‍ॅलनला टक्कल असल्याचं तिच्या तोंडून देशभर जाहीर होतं. दुसऱ्या दिवशी ती माफी मागायला त्याच्या ऑफिसात जाते. टेबलावर सगळे टोप ओळीने मांडलेले, आणि अ‍ॅलन त्यांच्याशी बोलतो आहे.

अ‍ॅलन झाले आहेत स्वतः रायनर. ज्या माणसाने ही माणसं घडवली त्याच्याच समोर लॉरा थरथरत उभी आहे, हे माहीत असलं की प्रसंग आणखी रंगतो. १९६६ चा लेखनाचा एमी (अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार) या भागाला मिळाला.

१०. मग रायनर यांना स्वतःला लेखनाचा एमी कधी मिळाला?

लागोपाठ तीन वर्षं, १९६२, १९६३ आणि १९६४. शेवटचा पर्स्की आणि डेनॉफ यांच्यासह. मालिकेला एकूण १५ एमी मिळाले.

११. सुरुवातीच्या भागांत अ‍ॅलनचा चेहरा का दाखवत नाहीत?

या भूमिकेला एखादा मोठा, प्रसिद्ध माणूस लागेल असं रायनर यांना वाटत होतं. तोवर ते स्वतः पाठमोरे किंवा फक्त आवाजापुरते उभे राहिले. पुढे पाठ फिरवून ठेवणं अवघड होत गेलं आणि चेहरा पुढे आला. अ‍ॅलनमध्ये सिड सीझर किती आणि बाकीचे किती यावर लोक वाद घालतात. त्या काळच्या कार्यक्रमांच्या नायकांचं ते मिश्रण आहे, एवढं पुरे.

१२. अक्रोडांचा भाग डोक्यावरून गेला. तो घरगुती कसा?

'इट मे लुक लाइक अ वॉलनट', ६ फेब्रुवारी १९६३, रायनर. रॉब रात्री उशिरा भयपट बघतो: ट्वायलो ग्रहावरचा प्राणी अक्रोडांतून माणसांचे अंगठे आणि कल्पनाशक्ती पळवतो. लॉराला ऐकायचं नसताना तो तिला सगळं सांगतो. सकाळी घरात अक्रोड सापडू लागतात. ऑफिसातले सहकारी संशयास्पद वागतात. परग्रहावरचा तो प्राणी हुबेहूब डॅनी थॉमससारखा दिसतो (थॉमस मालिकेच्या भागीदारांपैकी एक, आणि काम करणारेही तेच). शेवटी कपाट उघडतं, अक्रोडांचा लोंढा बाहेर कोसळतो आणि त्यावरून लॉरा घसरत येते, चेहऱ्यावर प्रसन्न हसू.

वरवर हा विज्ञानकथेचा खेळ वाटतो. पण मुळात आहे ती एका भित्र्या नवऱ्याची रात्र. बायकोला छळण्यासाठी सांगितलेली गोष्ट त्याच्याच मानगुटीवर बसते. एवढं धरून बघितलं तर भाग लगेच उलगडतो. तरी मालिकेची ओळख याने करून देऊ नका. रॉब आणि लॉराचं रोजचं वागणं माहीत झाल्यावर बिघडलेलं वागणं जास्त हसवतं.

१३. श्रेयनामावलीत 'डेव्हिड अ‍ॅडलर' असं नाव येतं. हे कोण?

फ्रँक टारलॉफ यांचं टोपणनाव. कम्युनिस्टविरोधी मोहिमेत हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेल्यामुळे त्यांना स्वतःच्या नावाने काम मिळत नव्हतं. त्यांचा 'द क्युरियस थिंग अबाउट विमेन' जरूर बघा. नवऱ्याची टपाल उघडायची लॉराची सवय, त्यावर रॉबने लिहिलेलं प्रहसन, आणि मग दारात येऊन पडलेलं एक मोठं पार्सल. पार्सलमधून काय निघतं ते सांगत नाही. खोलीत मूर एकट्या आहेत, संवाद नाही, फक्त मोह आवरण्याची धडपड. घरातली सवय उचलून तिला पडद्यावर आणणं हाच या भागाचाही पाया आहे.

१४. याआधी 'हेड ऑफ द फॅमिली' नावाची मालिका होती म्हणतात. ती का पडली?

मालिका झालीच नाही, एक नमुना भाग तेवढा झाला. १९५८ च्या उन्हाळ्यात रायनर यांनी फायर आयलंडवर बसून १३ भाग लिहून काढले. पूर्ण सीझनचा ऐवज हातात, आणि रॉबची भूमिका स्वतःची. लॉरा झाल्या होत्या बार्बरा ब्रिटन. तो नमुना जुलै १९६० मध्ये दाखवला गेला, पण कुणी घेतला नाही.

शेल्डन लेनर्ड यांनी ते लिखाण वाचलं आणि स्पष्ट सांगितलं की लेखन उत्तम आहे, नट बदला. स्वतःच्याच आयुष्यावर लिहिलेल्या भूमिकेतून लेखकाला बाजूला करायचं, आणि तेही त्याला पटवून. ब्रॉडवेवर काम करत असलेले डिक व्हॅन डाइक आले. रायनर यांचा मोठेपणा असा की त्यांनी ते मान्य केलं आणि पुढे त्या नटाच्या अंगाला बसेल असं लिहिलं. नव्या संचातला पहिला भाग २० जानेवारी १९६१ रोजी, जॉन केनेडींच्या शपथविधीच्याच दिवशी चित्रित झाला.

नमुन्यातली मुलाची गोष्ट (बापाच्या नोकरीची लाज वाटणं) पहिल्या सीझनमध्ये 'फादर ऑफ द वीक' या भागात पुन्हा आली. दोन्ही शेजारी ठेवून बघितले की नटाने काय फरक पडतो ते कळतं.

१५. इतकी चांगली मालिका पहिल्याच वर्षी बंद होणार होती हे खरं का?

हो. प्रेक्षकसंख्या कमी होती आणि सीबीएसने हात आखडता घेतला. लेनर्ड स्वतः सिनसिनाटीला जाऊन प्रायोजक प्रॉक्टर अँड गॅम्बलशी बोलले आणि मालिका वाचली. दुसऱ्या सीझनमध्ये ती बुधवारी एका तुफान लोकप्रिय मालिकेच्या लगेच पाठोपाठ दिसू लागली. त्यानंतर मागे वळून बघावं लागलं नाही.

१६. हसण्याचा आवाज खरा की मागून घातलेला?

खरा. नाटकासारखा प्रेक्षकांसमोर प्रयोग व्हायचा आणि तो फिल्मवर घेतला जायचा. अपवाद पहिल्या सीझनमधला 'द बॅड ओल्ड डेज', जो प्रेक्षकांशिवाय झाला. फरक जाणवतो.

१७. नवरा-बायकोचे पलंग वेगळे का? आणि लॉराच्या विजारींवरून वाद काय होता?

पलंग वेगळे, कारण तेव्हा वाहिन्यांचा तसा संकेत होता. विजारीचं असं: टीव्हीवरच्या गृहिणी झगा घालून आणि गळ्यात मोत्यांची माळ घालून व्हॅक्यूम क्लीनर फिरवत. मूर म्हणाल्या, मी घरी असं राहत नाही, मी विजार घालते. प्रायोजकांना ती अंगाला फार घट्ट वाटली. काही काळ एका भागात एकाच प्रसंगापुरती परवानगी होती, मग ते बंधन आपोआप सुटलं.

१८. भागाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत रॉब बैठ्या स्टुलाला अडखळतो की नाही? मला दोन्ही आठवतंय.

दोन्ही बरोबर. पहिल्या सीझनमध्ये नुसते फोटो होते. दुसऱ्यापासून कधी तो अडखळून पडतो, कधी शिताफीने चुकवून जातो. संगीत अर्ल हेगन यांचं.

१९. मुलांना दाखवता येईल का? आजच्या नजरेला खटकण्यासारखं काही?

दाखवा. भाषा स्वच्छ आहे, आणि त्या दिवसांतलं चालू बोलीभाषेतलं काही येऊ नये याची रायनर यांनी मुद्दाम काळजी घेतली होती. साठ वर्षांनी संवाद शिळे वाटत नाहीत ते त्यामुळे.

खटकणारं आहे. सिगारेटी ओढल्या जातात. आणि लॉराने नाच सोडून घर धरलं आहे, ते मालिका गृहीत धरते. 'टू टेल ऑर नॉट टू टेल' या भागात तिला अ‍ॅलनच्या कार्यक्रमात पुन्हा नाचायची संधी येते, ती ती घेते, छान नाचते, आणि शेवटी दमून कायमचं काम नाकारते. नवऱ्याला हायसं वाटतं. हे बघताना मला वाईट वाटतं. मुली सोबत असतील तर हा भाग बघून त्यावर बोलाच, लपवू नका. सॅली मात्र पुरुषांच्या बरोबरीने लिहिणारी, बरोबरीने कमावणारी बाई आहे. ती १९६१ मध्ये पडद्यावर होती याचं श्रेय रायनर यांना द्यायला हवं.

२०. रायनर यांनी लिहिलेला पण टाळावा असा भाग?

'द ट्विझल'. तेव्हा ट्विस्ट नाचाचं वेड होतं, त्यावर बेतलेली नव्या नाचाची गोष्ट. घरातून काही येत नाही, सगळं बाहेरच्या फॅशनमधून येतं, आणि ती फॅशन गेली. प्रश्न १९ मधली त्यांची स्वतःची काळजी इथे सुटली. शेवटच्या सीझनमधला 'द गनस्लिंगर', म्हणजे रॉबचं काउबॉयचं स्वप्न, हा रायनर यांचा नाही, पर्स्की आणि डेनॉफ यांचा, पण तोही वेळ असेल तरच.

२१. शेवटचा भाग नक्की कुठला?

प्रसारणाने 'द लास्ट चॅप्टर' (१ जून १९६६). चित्रीकरणाने 'द गनस्लिंगर', जो आठवडाभर आधी दाखवला. 'द लास्ट चॅप्टर'मध्ये रॉबचं आत्मचरित्र पूर्ण होतं आणि अ‍ॅलन त्यावर मालिका काढायची ठरवतो, रॉबची भूमिका अर्थातच स्वतः करणार. म्हणजे जे प्रश्न १४ मध्ये फसलं तेच. मध्ये जुने प्रसंग पुन्हा दाखवले आहेत, त्यामुळे भाग म्हणून पातळ आहे, पण चौकट फार सुंदर. पाच वर्षांत थांबायचं हे आधीच ठरलेलं होतं. लोकप्रियता शाबूत असताना ते थांबले.

२२. रंगीत भाग दिसले. ते मूळचे का?

नाही. संपूर्ण मालिका कृष्णधवल आहे. सीबीएसने नंतर काही भाग रंगवून दाखवले. २०१६ मध्ये प्रश्न ८ आणि ९ मधले दोन भाग, २०१७ मध्ये मूर यांच्या निधनानंतर 'माय ब्लॉंड-हेअर्ड ब्रुनेट' आणि 'ऑक्टोबर ईव्ह' (यात रायनर दाढीवाल्या चित्रकाराच्या भूमिकेत आहेत). काम नीट केलं आहे, तरी आधी मूळ बघा. केसांचा भाग तर खास. अर्ध्या डोक्याचा तो फरक राखाडी छटांमध्येही लख्ख दिसतो.

२३. मालिका संपल्यावर रायनर पुन्हा या पात्रांकडे वळले का?

वळले. १९९५ मध्ये 'मॅड अबाउट यू' या मालिकेत ते पुन्हा अ‍ॅलन ब्रेडी झाले आणि त्या पाहुण्या भूमिकेचा एमी त्यांना मिळाला. ११ मे २००४ रोजी पुनर्भेटीचा खास भाग आला, लेखन त्यांचंच. अ‍ॅलनला आपलं मृत्यूनंतरचं गुणगान जिवंतपणी लिहून हवं आहे आणि ते काम रॉब आणि सॅलीकडे येतं. तोवर मोरी अ‍ॅम्स्टरडॅम, रिचर्ड डीकन आणि जेरी पॅरिस हयात नव्हते. भाग उत्तमांत बसत नाही. रोज मेरी आणि डिक व्हॅन डाइक एका टेबलाशी बसून पुन्हा वाक्यं जुळवतात, तेवढ्यासाठी बघा, आणि त्याआधी ऑफिसातले निदान चार-पाच भाग बघून झालेले असू द्या.